पद्मपाणीसमोर किती माणसं?

"दिवाळीच्या सुटीत दुपारी बारा वाजता एक नंबरच्या लेण्यात पाच मिनिटं उभा राहून दाखव, मग मला पर्यटन शिकव," आई म्हणाली.

"आत्या, मी तिथं रोजच उभा असतो," दादा म्हणाला. "पोटासाठी उभा असतो."

अजिंठ्यावरून हा वाद आमच्या घरात दरवर्षी होतो. आई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. शिकत असताना तिनं अजिंठ्यात बसून रेखाटनं केली होती, त्या वह्या अजून कपाटात आहेत. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, छत्रपती संभाजीनगरात परवानाधारक गाइड. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कामापुरतं जपानी बोलतो. आईचं म्हणणं, चित्रांची लेणी लोकांसाठी बंद करा. दादाचं म्हणणं, लोकांना बंद केलेली जागा पुढच्या पिढीत कुणाचीच उरत नाही. यंदा मी वही घेऊन मध्ये बसले. बोलण्यातला घरगुती भाग, म्हणजे दादाचं रखडलेलं लग्न आणि आईचे गुडघे, गाळला आहे. बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

"आधी मला सांग, ती चित्रं कशावर काढलीत?" आईनं वर्गातला सूर लावला.

"भिंतीवर."

"दगडावर थेट नाहीत. आधी मातीचा गिलावा. त्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे धागे कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. इटलीतल्या चर्चमध्ये रंग ओल्या चुन्यात मुरवतात. इथं तो मुरलेला नाही, वर बसलाय, चिकटद्रव्यानं धरून ठेवलेला. आपल्या गावच्या वाड्याची मातीची भिंत पावसाळ्यात फुगायची आणि उन्हाळ्यात तडकायची, आठवतं ना? तिथंही तेच होतं. वाड्याची भिंत तुझी आजी पुन्हा सारवायची. एक नंबरमधलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र कोण सारवणार?"

"कबूल."

"आता त्या लेण्यात माणसं भर. प्रत्येक जण श्वासातून वाफ टाकतो, कार्बन डायऑक्साइड टाकतो, अंगातून ऊब टाकतो. नुसता बसलेला माणूससुद्धा शंभर वॉटच्या आसपास उष्णता सोडतो. चाळीस माणसं म्हणजे ४००० वॉट. ती पायऱ्या चढून घामाघूम होऊन आलेली असतात, म्हणजे त्याहून जास्तच. मागं तिन्ही बाजूंनी डोंगर, हवा जायची-यायची ती समोरूनच. गर्दी आत गेली की आर्द्रता चढते, बाहेर गेली की उतरते. गिलावा दर वेळी थोडा फुगतो, थोडा आकसतो. असं दिवसातून किती वेळा?"

"चाळीसच्या वर एका वेळी सोडायचे नाहीत असा नियम आहे की."

"नियम आहे. पण सुटीच्या दिवशी दारावर मोजायला किती माणसं असतात?"

दादा गप्प बसला. तो गप्प बसला की समजायचं, उत्तर त्याला माहीत आहे आणि द्यायचं नाही.

मग चहा आला, आणि चहाबरोबर दादाची यादीही आली. ही यादी तो परदेशी पाहुण्यांना सांगतो तेव्हा सभ्य असते. घरात सांगताना नसते.

"चित्रांचं वाटोळं कुणी केलं ते मी सांगतो. १८१९ चा एप्रिल. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीला आला, त्याला लेणी दिसली, आणि साहेबांनी काय केलं? दहा नंबरच्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. तेव्हा आत राडारोडा साचलेला होता, त्यावर उभं राहून कोरलं. म्हणून आज ते आपल्या डोक्याच्या वर दिसतं. त्याला पर्यटक म्हण हवं तर. पण त्याच्यानंतरचे कोण? सगळे चित्रांवर प्रेम करणारे! मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं नकला करत राहिला. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स आणि त्याचे विद्यार्थी, मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे तुझ्या त्या जे. जे.चे. त्या काळात रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींना व्हार्निश फासलं गेलं. पुढं १९२० ते २२ मध्ये निजाम सरकारनं इटलीहून चेकोनी नावाचा तज्ज्ञ आणला. सुटत चाललेला गिलावा त्यानं धरून बसवला, त्याचे उपकारच आहेत. पण वरून शेलॅक, म्हणजे लाख, लावली. ती पिवळी पडली, काळवंडली. त्यावर धूळ बसली, वटवाघळांची घाण बसली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची किती वर्षं तो थर उतरवण्यात गेली!"

"झालं?"

"नाही झालं. कीटक राहिले. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडलेत, अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. म्हणून अजिंठ्यात कसरीनं गिलावा खाल्ला आणि वेरूळचा वाचला, असं खात्यातल्याच रसायनतज्ज्ञानं मांडलंय. आणि डोंगरातून झिरपणारं पाणी? ते तर रोजचं. आता सांग, या सगळ्यात भाकरी बांधून आलेला सोयगावचा शेतकरी कुठं आहे?"

मला वाटलं, आई इथं अडकणार. पण चाळीसेक पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई अशी अडकत नाही.

"शेतकऱ्यानं नाही केलं. मान्य. पण तुझ्या यादीचा अर्थ काय निघतो? की भिंत आधीच अर्धमेली आहे. गिलावा जिथं दगडापासून सुटलाय तिथं मागं पोकळी आहे. अशा भिंतीला धडधाकट भिंतीपेक्षा जास्त जपायचं की 'एवढं सोसलंस, आता आणखी सोस' म्हणायचं? आणि तुझी यादी अपुरी आहे. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्सच्या बऱ्याच नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. लोकांना दाखवायला नेलं ते जळालं. आणि जी भिंत जंगलात हजारावर वर्षं कुणी पाहिली नाही, ती राहिली."

"गुराख्यांनी पाहिली होती."

"बरं, गुराख्यांनी पाहिली. पण तिकीट काढून नाही."

"म्हणजे नकला टिकत नाहीत, असंच ना?" दादानं संधी साधली. "आणि तू तर म्हणतेस मूळ बंद करा, नकला दाखवा!"

इथं दोघंही हसले, म्हणून मी लास्कोचा विषय काढला. फ्रान्समधली ती गुहा १९४० मध्ये सापडली. युद्ध संपल्यावर ती लोकांना खुली झाली आणि पन्नाशीच्या दशकात दिवसाला हजारावर माणसं आत जाऊ लागली. भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. सतरा हजार वर्षांच्या आसपास टिकलेली चित्रं पंधरा वर्षांत बिघडू लागली, तेव्हा १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली. वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, जवळच तिची प्रतिकृती उघडली. २०१६ मध्ये त्याहून मोठी, अख्ख्या गुहेची प्रतिकृती आली. आज लोक तिथं प्रतिकृतीच पाहायला जातात, आणि रांगा लावून जातात.

"बघ!" आई म्हणाली.

"पुढचं सांग ना," दादा मला म्हणाला. "गुहा बंद असताना काय झालं तेही लिही."

तेही खरं आहे. गुहेत नवी वातानुकूलन यंत्रणा बसवली, आणि त्यानंतर २००१ मध्ये आत पांढरी बुरशी पसरली. लोक आत नव्हतेच. जे झालं ते सांभाळणाऱ्यांच्या हातून झालं. ती आटोक्यात आणायला पुढं कित्येक वर्षं गेली.

"म्हणून मी म्हणतो," दादा म्हणाला, "बंद करणं म्हणजे सांभाळणं, असं समजू नका. बंद जागेकडं कुणाचं लक्ष नसतं. गळती लागली, पोपडा सुटला, तर ओरडणार कोण? आज पाणी झिरपलं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोटो टाकतो आणि वर्तमानपत्रात बातमी येते. माणसं म्हणजे डोळेही असतात, आत्या."

"आणि प्रतिकृतीचं काय? ती तर तुमच्या दारात बांधून दिली होती."

या वाक्यानं दादा भडकला. वादातला तेवढाच खरा राग. लेण्यांजवळच्या फर्दापूर गावाच्या टी-पॉइंटजवळ जपानच्या कर्जातून मोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं. त्यात १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. गर्दीचा भार मूळ चित्रांवरून उतरावा, लोकांनी आधी तिथं नीट पाहावं, मग वर जावं, हा हेतू. काही वर्षं ते चाललं. मग वीज आणि पाण्याची बिलं थकली, आणि ते वर्षानुवर्षं बंद राहिलं.

"तुझ्या फ्रेंचांनी गुहा बंद केली आणि प्रतिकृती उघडली," दादा म्हणाला. "आपण गुहा उघडी ठेवली आणि प्रतिकृती बंद केली. वर मला सांगतेस गर्दीला मी जबाबदार! डोलीवाल्याला विचार, रंगीत दगड विकणाऱ्या पोराला विचार. त्यांना ते केंद्र चालू हवं होतं. माणूस तिथं दोन तास रमला असता, तर चहा प्याला असता, जेवला असता, दगड घेतला असता. आता बस येते, घाईत पळते, घाईत परत जाते."

माझं स्वतःचं मत इथं नोंदवते. आजवर अजिंठ्याच्या बाबतीत जे चांगले निर्णय झाले, ते एकदा बांधून सोडून देण्यासारखे नव्हते, रोज चालवावे लागणारे होते. खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे टी-पॉइंटला थांबवायच्या आणि तिथून एसटीच्या बसनं लोकांना न्यायचं, हा नियम गेली वीसेक वर्षं टिकलाय. कारण त्यात एसटीला रोजचं तिकीट मिळतं, दुकानदारांना रोजचं गिऱ्हाईक मिळतं आणि दरीतला धूर कमी होतो. फ्लॅशला बंदी, चित्रांसाठी मंद प्रकाश, हेही टिकलं. आईच्या तरुणपणी लेण्यात उजेडाचं वेगळं तिकीट असायचं, त्याआधी माणसं आरशानं ऊन आत वळवायची. ते सगळं गेलं. प्रतिकृतीचं केंद्र मात्र उद्घाटनापुरतं होतं. त्याचं रोजचं बिल कुणी भरायचं, हे कुणाच्या रोजच्या कामात नव्हतं.

"तुझा प्रश्न पोटाचा आहे," आई शांतपणे म्हणाली. "तो मला कळतो."

"पोटाचा आहेच. २०२० मध्ये लेणी महिनोन्महिने बंद होती. डोलीवाले दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेले. माझ्याबरोबरच्या गाइडांपैकी काही जण परत आलेच नाहीत. पण नुसता पोटाचा नाही. बुद्धपौर्णिमेला ये एकदा. नांदेडहून, परभणीहून, विदर्भातून माणसं येतात. म्हाताऱ्या बायका पायऱ्या चढून सव्वीस नंबरला जातात, महापरिनिर्वाणातल्या बुद्धासमोर हात जोडतात. त्यांना तू काय सांगणार? की खाली चला, प्लॅस्टरचा बुद्ध आहे तिथं?"

"सव्वीस नंबर मी बंद करा म्हणालेच नाही." आई सावरून बसली. "सव्वीसमध्ये शिल्प आहे. ती सात मीटरची मूर्ती दगडाची आहे. हात लावू नका, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. बेसॉल्टला श्वासाचं तितकं वावडं नाही. मी फक्त चित्रांबद्दल बोलतेय. एकूण लेणी तीसच्या आसपास, आणि चित्रं नीट उरलीत ती १, २, ९, १०, १६, १७ मध्ये. बाकीची तेवीस-चोवीस लेणी मोकळी पडलेली असतात. एकोणीस नंबरचं दार काय सुंदर आहे! तिथं कोण थांबतं?"

इथून वादाची दिशा बदलली, आणि मला वाटतं हाच त्यातला मोलाचा भाग आहे. कारण दादानं पहिल्यांदाच स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलायला सुरुवात केली.

"तुला खरं सांगू का? माणसं जास्त आहेत ही अडचणच नाही. सगळी माणसं एकाच वेळी येतात ही अडचण आहे. संभाजीनगरहून निघालेल्या गाड्या साधारण अकराला टी-पॉइंटला पोहोचतात. शंभर किलोमीटरचा रस्ता, त्यात घाट. बस घेऊन वर यायला साडेअकरा. पायऱ्या चढल्या की पहिलं लेणं कोणतं? एक नंबर. जो येतो तो आधी तिथंच घुसतो. मग दोन. मग दमतो. सोळा-सतरापर्यंत कसाबसा जातो आणि परत फिरतो. कारण टूरवाल्यानं चारच्या आत वेरूळ कबूल केलेलं असतं. शाळांच्या सहलींचं तर विचारूच नको. पहाटे बस निघते. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, सगळं एका दिवसात. दोनशे पोरं एक नंबरमधून दोन मिनिटांत बाहेर. त्यांना काय दिसलं? पुढच्या पोराचं दप्तर."

"मग तुम्ही गाइड लोक उलटं का नेत नाही?"

"मी नेतो. पण गाडीचा ड्रायव्हर खालून फोन करत असतो."

चीनमधल्या दुनहुआंगचं उदाहरण दोघांनाही माहीत होतं, पण दोघं त्यातून वेगवेगळं काढत होते. वाळवंटाच्या काठावर मोगाओ गुहा आहेत, बौद्धच. त्यांपैकी चारशे नव्वदवर गुहांत चित्रं आणि मूर्ती आहेत. गिलावा तिथंही मातीचाच आहे. २०१४ पासून तिथं गुहांपासून दूर मोठं अभ्यागत केंद्र आहे. नेहमीच्या तिकिटांना दिवसाला ६००० माणसांची मर्यादा आहे आणि वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. माणूस प्रथम केंद्रात जातो, घुमटाच्या पडद्यावर गुहांच्या आतली चित्रं मोठी करून पाहतो, मग बसनं गुहांकडे जातो. वाटाड्या त्याला आठेक गुहा दाखवतो. आज या आठ, दुसऱ्या गटाला दुसऱ्या आठ. गुहांत आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रं आहेत. मोजमाप ठरलेल्या रेषेपलीकडे गेलं की ती गुहा त्या वेळेपुरती बंद होते.

"मला हेच हवंय," आई म्हणाली. "यंत्रानं सांगायचं, साहेबाच्या पाहुण्यानं नाही."

"मलाही हेच हवंय," दादा म्हणाला, "पण त्यातला आकडा नको. तिथं चारशे नव्वद आहेत, म्हणून गुहा आलटून-पालटून दाखवता येतात. आपल्याकडं चित्रांच्या सहा. पद्मपाणी एकच आहे. जपानहून आलेल्या माणसाला मी आज पद्मपाणी नाही, बावीस नंबर बघा म्हणू शकत नाही."

"मग पद्मपाणीसाठी पाळी लाव."

"लाव ना. अर्ध्या तासाच्या पाळीनं तिकीट दे. एका पाळीत ठरलेली माणसं. बाकीच्यांनी तोवर एकोणीस बघा, सव्वीस बघा, खाली वाघूर नदीकाठी बसा. पण तिकीट ऑनलाइन एके ऑनलाइन केलंस, तर मी आडवा येईन."

"का?"

"कारण पुण्या-मुंबईचा माणूस महिनाभर आधी सगळ्या पाळ्या घेऊन ठेवेल. आणि सिल्लोडहून रविवारी सकाळी टमटमनं आलेल्या माणसाला खिडकीवर सांगणार, आज पाळी संपली. अर्ध्या जागा खिडकीवर ठेवा. तेही आधार कार्ड दाखवून, नाहीतर दलाल बसतील."

आईनं हे मान्य केलं. पैशाच्या मुद्द्यावर मात्र ती ठाम होती, आणि दादापेक्षाही ठाम होती, हे मला अनपेक्षित होतं. ताजमहालात मुख्य कबरीसाठी वेगळे दोनशे रुपये घेतात, तसं चित्रांच्या लेण्यांसाठी वेगळं तिकीट लावावं, म्हणजे गर्दी आपोआप कमी होईल, असं मी सुचवलं. आज भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये लागतात.

"अजिबात नाही," आई म्हणाली. "पैसे वाढवलेस की गर्दी कमी होईल, पण कुठली? सहलीची पोरं कमी होतील. माझ्या वर्गातली निम्मी मुलं सहलीच्या खर्चाचाच विचार करायची. पाळी सगळ्यांना सारखी थांबवते. पैसा फक्त गरिबाला थांबवतो. त्यापेक्षा बंद केलेलं परवडलं."

"आत्या, हे तू बोलतेस?"

"मीच बोलतेय. मला चित्रं वाचवायची आहेत, श्रीमंतांसाठी नाही वाचवायची."

स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेचा विषयही निघाला. तिथं २०१४ मध्ये आठवड्याला पाच जणांना चिठ्ठ्या टाकून मूळ गुहेत सोडायला सुरुवात झाली. दादाला ते हास्यास्पद वाटलं, आईला आदर्श. त्यावर फार वेळ गेला नाही. कारण पाच माणसांवर फर्दापूर कसं जगणार, याचं उत्तर आईकडे नव्हतं आणि तिनं द्यायचा प्रयत्नही केला नाही.

तिच्याकडे दुसरं उत्तर होतं, आणि ते जवळचं होतं. साताऱ्याचं कास पठार. फुलांच्या दिवसांत तिथं गाड्यांचा आणि पायांचा असा काही लोंढा यायचा की लोक फुलं तुडवून फुलांचे फोटो काढायचे. मग दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आली, आधी नोंदणी आली. आणि मुख्य म्हणजे शुल्क घेणं, गाड्या लावणं, वाटेवर उभं राहून माणसं आवरणं ही कामं आसपासच्या गावांच्या वन समित्यांकडे आली.

"कासला गावातली पोरं शिट्टी मारतात," आई म्हणाली. "मुंबईच्या माणसाला खडसावतात, कारण फुलं मेली तर उद्याचा हंगाम त्यांचा जाणार असतो. अजिंठ्यात दारावर कोण उभं असतं? बदलीवर आलेला पहारेकरी. लेणापूरच्या, फर्दापूरच्या पोरांना उभं करा. त्यांना शिकवा, त्यांना मोजू द्या. एकेचाळिसावा माणूस आमदाराचा मेहुणा असला तरी गावचं पोर त्याला थांबवेल. पगारी माणूस नाही थांबवणार."

"गावचं पोर आमदाराच्या मेहुण्याला थांबवेल?" दादा मोठ्यानं हसला. "आत्या, तू मराठवाड्यात राहतेस ना?"

हा मुद्दा मला दादाचा बरोबर वाटतो. पण गावाला हिस्सा द्या, हा मुद्दा आईचाच बरोबर आहे. मेहुणे वर्षातून थोडे येतात. रोजची गर्दी साध्या माणसांची असते, आणि साध्या माणसाला नीट सांगितलं तर तो थांबतो. त्याला थांबायला सावली, पाणी, बसायची जागा आणि पाहायला काहीतरी लागतं. उन्हात पायरीवर उभं करून "चाळीस झाले" म्हटलं की भांडण होणारच. बंद पडलेली प्रतिकृती पुन्हा चालवायची ती यासाठी. मूळ लेण्याला पर्याय म्हणून तिच्याकडे पाहिलं तर दादासारखी माणसं चिडतात. पाळीची वाट पाहायची जागा म्हणून पाहिलं, तर तिचा सगळ्यांना उपयोग आहे. पोरांनी तिथं जातककथा समजून घ्यावी, जवळ जाऊन पाहावं, बोट दाखवून प्रश्न विचारावेत. मग मूळ लेण्यात दहा मिनिटं गप्प उभं राहायला त्यांना कारण मिळेल.

हे सगळं फक्त अजिंठ्यापुरतं उरलेलं नाही, म्हणूनही लिहिते आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर ही नावं आता जगाच्या नकाशावर आली, आणि आपण पेढे वाटले. लोहगडावर २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी एवढी गर्दी झाली की वाटेत माणसं कित्येक तास अडकून पडली. तेव्हा त्याला जागतिक शिक्का नव्हता. आता आहे. किल्ल्याचा दगड चित्रासारखा नाजूक नाही, पण दरवाजा अरुंद आहे आणि पायरी निसरडी आहे. तिथं जाईल तो माणसाचा जीव.

"त्या किल्ल्यांवर तरी आधी मोजायला माणसं नेमा, मग बोर्ड लावा," दादा म्हणाला.

"लिही हे," आई मला म्हणाली. या एका वाक्यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं.

माझा निवाडा मी देते. चित्रांची लेणी बंद करू नयेत. त्यांना पाळी लावावी, आणि ती पाळी पैशानं नव्हे, रांगेनं ठरावी. अर्ध्या जागा खिडकीवर राहाव्यात. पावसाळ्यात हवा ओली असते, तेव्हा पाळीतली माणसं आणखी कमी करावीत. यंत्रानं मोजलेला आकडा टी-पॉइंटवरच्या फलकावर सगळ्यांना दिसावा. प्रतिकृतीच्या केंद्राचं वीजबिल तिकिटाच्या पैशातूनच भरलं जाईल अशी सोय व्हावी, म्हणजे ते उद्घाटनाच्या फलकावरच्या नावांवर अवलंबून राहणार नाही. शाळांनी अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात करणं थांबवावं. यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही, मुख्याध्यापकाची सही पुरते.

आणि तुमच्यासाठी एवढंच. सोमवारी जाऊ नका, अजिंठा बंद असतो. शक्य असेल तर आदल्या रात्री फर्दापूरला मुक्काम करा. पैसे गावात राहतात आणि सकाळी नऊला तुम्ही दारात असता. तेव्हा १, २, १६, १७ आधी पाहून घ्या, लेणी रिकामी असतात. अकरानंतर पोहोचणार असाल तर एक नंबरच्या दारात घुसू नका. सरळ चालत सव्वीसला जा, तिथून उलटे या, आणि पद्मपाणी चारनंतर पाहा.